दहा दिवस पाणी नाही

कुंडी फुटली तेव्हा आम्ही जेवत होतो. मे महिना, बार्शीचं ऊन, सगळी गल्ली दारं लावून पडलेली. एकदम अंगणातून असा आवाज आला, की वाटलं कुणीतरी फरशीवर नारळ आपटलाय. माझी बायको उज्ज्वला आमटी वाढत होती, तिचा हात तसाच राहिला. आई मात्र पाटावरून उठून उभी राहिली.

“मुकुंदा आला.”

“कुणी नाही आलं, आई. बस तू. मी बघतो.”

“दार ढकलल्याचा आवाज हुता. तुला न्हाई कळायचं. तो आसंच ढकलतो.”

भिंतीला हात लावत ती निघाली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि मी तिचा धाकटा मुलगा चष्म्याचा दुकानदार. गावाला स्वच्छ दिसावं म्हणून दिवसभर काचा घासायचो आणि माझी आई घरात चाचपडत फिरायची. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. ऑपरेशनला सोलापूरला दोन दिवस राहावं लागलं असतं. आई म्हणायची, “आन् मधीच तो आला तर? मी न्हाई बघून माघारी जाईल.” उज्ज्वला घरी असेल, असं मी सांगून बघितलं. “तिला बघून थांबायचा न्हाई तो. मला बघून थांबंल,” हे तिचं उत्तर. सहा वर्षांत तिनं घराच्या दाराला कुलूप लावू दिलं नव्हतं, आणि ती गल्लीच्या टोकापलीकडे गेली नव्हती. भगवंताच्या देवळात रोज जाणारी बाई, पण देवळातही नाही. सख्खा भाऊ वारला तेव्हा माहेरीही नाही.

दारात कुणी नव्हतं. फुटली होती ती मुकुंदाच्या झाडाची कुंडी. चांगली जाड सिमेंटची कुंडी, काठापासून तळापर्यंत तडकली होती, आणि आखूड झालेल्या सदऱ्यातून पोट दिसावं तसं झाडाचं फुगलेलं बूड त्या फटीतून बाहेर आलं होतं.

“काय झालं?” आईनं विचारलं. “मेलं का?”

“मेलं नाही. वाढलंय. कुंडी पुरेना झाली.”

तिनं वाकून बुडाला हात लावला, फट चाचपली, मग कितीतरी दिवसांनी हसली.

“म्हंजी त्याच्या अंगावर मांस चढलंय,” ती म्हणाली. “कुठं का आसंना, खाऊनपिऊन हाय.”

उज्ज्वलानं माझ्याकडे बघितलं. मी ताटावर जाऊन बसलो. आमच्या घरी तेव्हा चार ताटं वाढली जायची आणि तिघं जेवायचो. आमची मुलगी आजोळी गेलेली होती. चौथं ताट तिचं नव्हतं, मुकुंदाचं होतं.

मुकुंद माझा थोरला भाऊ. आम्ही शिंपी. वडील कपडे शिवायचे. मुकुंदानं मशीनवर बसण्याऐवजी मशीन उघडून बसायचं ठरवलं. शिलाई मशीनची दुरुस्ती करत तो गावोगाव फिरायचा. बोलायचा कमी. लग्न केलं नाही, का केलं नाही तेही बोलला नाही. एकदा बंगळुरूहून कुणीतरी त्याला अडेनियमच्या बिया दिल्या. वाळवंटातलं झाड ते. भोपळ्यासारखं बूड, त्यातच सगळं पाणी साठवलेलं, वर चार फांद्या, मूठभर पानं आणि उन्हाळ्यात गुलाबी फुलं. दोन रोपं उगवली. एक आईनं पहिल्याच वर्षी पाणी घालून घालून कुजवलं. त्यावर मुकुंद दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. उरलेलं हे.

एकेचाळीसाव्या वर्षी, आषाढात, तो हत्यारांची पिशवी घेऊन गुलबर्ग्याकडे गेला. कुठल्याशा शिवणवर्गाची वीस मशीन दुरुस्त करायची होती. “चार दिवसांत येतो,” म्हणाला. तो आला नाही. गुलबर्ग्यात पोचलाही नव्हता. आम्ही शोधलं, तक्रार दिली, पेपरात फोटो दिला. मग आईनं झाड धरलं. नवं पान फुटलं की मुकुंदा बरा आहे. पान पिवळं पडलं की तो आजारी आहे, मग तिचा उपास. पहिलं फूल आलं तेव्हा तिनं शिरा केला आणि गल्लीत वाटला. लोक खायचे आणि गप्प बसायचे. झाड आहे तोवर तो आहे, हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत होतं.

“कुंडी बदलायला पाहिजे,” त्या दुपारी मी म्हणालो.

“तो आल्यावर बदलंल.”

“तोवर मुळं वाळून जातील, आई. फटीतून ऊन लागतंय.”

तिनं पुन्हा फट चाचपली. मग म्हणाली, “त्याची वही हाय बघ. त्यात लिवलेलं आसंल. त्याच्या मनानं कर, तुझ्या मनानं करू नकू.”

वही सापडली. मशीनच्या सुट्या भागांच्या यादीखाली मागच्या पानावर त्याच्या बारीक अक्षरात होतं: जाड वाळू, विटांचे तुकडे, थोडं शेणखत. झाड काढल्यावर मुळं धुणे. सडकी मुळं कापणे. कापलेल्या जागी हळद. चार दिवस सावलीत सुकवणे. मग लावणे. लावल्यावर दहा दिवस पाणी नाही. त्याखाली, दोनदा रेघ मारून, आईला सांगणे.

मी शेवटची ओळ वाचून दाखवली. आई म्हणाली, “लई शहाणा हाय. अजून डूख धरून बसलाय.”

रविवारी दुकान बंद ठेवून मी झाड काढलं. हातोडीनं कुंडीचे उरलेले तुकडे केले, माती झटकली, मुळं बादलीत धुतली. आईनं पोतं अंथरून ते मांडीवर घेतलं. मी कापत गेलो आणि ती बोटानं चाचपत एकेका कापावर हळद लावत गेली. हळद कमी पडली, उज्ज्वलानं आणखी आणून दिली.

“इतकी कशाला, आत्या?” उज्ज्वला म्हणाली.

“ऱ्हाऊ दे. त्याला हळद लागायचीच ऱ्हायली हुती.”

उज्ज्वला आत निघून गेली. मी खाली मान घालून कात्री पुसत बसलो. आई मात्र खुशीत होती, कसलंसं लग्नातलं गाणं पुटपुटत होती. सहा वर्षांत तिला एवढं खूश मी बघितलं नव्हतं, आणि ते मला बघवत नव्हतं.

चार दिवस झाड मागच्या खोलीत सावलीत पडलं. पाचव्या दिवशी सकाळी मी ते नव्या मातीच्या कुंडीत लावलं.

“आता धा दिवस पानी न्हाई?” आईनं विचारलं.

“नाही. मुळांना जखमा आहेत. पाणी लागलं की सडतात.”

“ह्या उन्हात? जनावराला तरी आसं कुणी ठेवतं का रं?”

“त्यानंच लिहिलंय.”

“लिवलंय खरं,” ती म्हणाली, आणि कुंडीवरून हात फिरवत बसली.

आता सांगतो. मुकुंद जिवंत नव्हता. सहा वर्षांपूर्वीच गेला होता आणि हे मला ठाऊक होतं. एकट्या मला.

तो गेल्यावर तीन महिन्यांनी हवालदार मोमीन दुकानात आले. त्यांचा चष्मा माझ्याकडचाच. म्हणाले, “भालचंद्र, उद्या सकाळी जरा ठाण्यात येऊन जाता का? गुलबर्ग्याकडून फोटो आलेत.” राज्याच्या सरहद्दीपलीकडच्या एका लहान स्टेशनाजवळ, रुळांच्या कडेला, एक माणूस सापडला होता. तो आषाढातच सापडला होता. कागद फिरत फिरत आमच्या गावी यायला तीन महिने लागले. चेहऱ्याच्या फोटोवरून सख्ख्या आईनंही ओळखलं नसतं. पण दुसरा फोटो खिशातल्या वस्तूंचा होता आणि त्यात चष्मा होता. डाव्या काडीच्या स्क्रूच्या जागी तांब्याची तार, दोन वेढे देऊन टोक आत वळवलेली. ती तार मीच बसवली होती. मुकुंद निघायच्या घाईत दुकानात आला, स्क्रू पडलाय म्हणाला. मी म्हणालो, सध्या तार घालतो, परत आलास की नवा बसवू.

“ओळख पटते का?” मोमीननी विचारलं.

मी म्हणालो, “नाही.”

का म्हणालो? दिवाळी आठ दिवसांवर होती. सकाळी निघताना आई दारात उभी होती आणि म्हणाली होती, “चांगलं सांग रं येऊन.” मला एवढंच सुचत होतं की घरी जाऊन मी काय सांगू. दिवाळी होऊ दे, मग बोलू, असं ठरवलं. मोमीननी जबाब लिहिला, मी सही केली, घरी येऊन आईला म्हणालो, “तो नव्हता.” तिनं देवापुढं साखर ठेवली. मग दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, संक्रांत झाली. मग आता सांगितलं तर इतके दिवस का नाही सांगितलंस, हा प्रश्न आला. मग वर्ष झालं. आणि आईनं झाड धरलं. आज बोललो तर तिचा धीर सुटेल, उद्या बोललो तर माझं खोटं उघडं पडेल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. सहा वर्षं रोज मुकुंदाच्या ताटासमोर बसून मी जेवलो.

नवी कुंडी लागली त्याच दुपारी, घरी जेवायला आल्यावर, मला ते सुचलं. झाड मेलं तर? ती आपोआप समजेल. रडेल, पण समजेल. दाराला कुलूप लागेल, डोळ्यांचं ऑपरेशन होईल, ती देवळात जाईल. आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. याला मी त्या वेळी दया म्हणालो. आज म्हणतो, भित्रेपणा होता, निखळ भित्रेपणा. आई मोरीत हात धूत होती. उज्ज्वला आत होती. मी तांब्याभर पाणी आणलं आणि मुकुंदाच्या झाडाच्या बुडाशी ओतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, आई आंघोळीला गेली तेव्हा, पुन्हा ओतलं.

तिसऱ्या दिवशी माझ्यानं झालं नाही. तांब्या भरला, झाडापाशी गेलो. वरच्या फांदीला चण्याएवढं पान फुटत होतं. मी तांब्या तुळशीत रिकामा केला आणि ठरवलं, नाही करायचं. दोन तांब्यांनी काही होत नाही, जगेल ते. चालू द्या आहे तसं. त्या रात्री मला झोप चांगली लागली.

नवव्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो. अंगणातून आईनं हाक मारली. ओरडली नाही, नुसती हाक मारली.

“भालू, हे मऊ का लागतंय?”

मी तोंडाला साबण तसाच ठेवून गेलो. तिचं बोट बुडात रुतलं होतं, पेरभर आत. बोट काढलं तसं तपकिरी पाणी आलं आणि घाण वास सुटला. मी फांदी धरली, ती हातात आली.

“गेलं का?” तिनं विचारलं.

“गेलं.”

ती कुंडीशेजारी खाली बसली. उज्ज्वला धावत बाहेर आली. आईनं पदरानं बोट पुसलं, बराच वेळ पुसत राहिली, आणि म्हणाली, “उज्ज्वला, आजपासनं त्याचं ताट वाढू नकू.”

लपवत नाही, मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. सहा वर्षांचं ओझं कुणी खांद्यावरून उचललं असं. मी तिच्या शेजारी बसलो, तिचा हात धरला आणि म्हणालो, “आई, व्हायचं ते झालं. तुझं वाट बघणं संपलं.”

“मीच मारलं त्याला,” आई म्हणाली.

“काय?”

“मी पानी घालत हुते. रोज पहाटं. तुमी उठायच्या आदी.” तिचा आवाज अगदी सरळ होता. “मला बघवंना. एवढ्या जखमा, वर ऊन, आन् धा दिस कोरडं? मी म्हनलं, थोडं घालावं. गुळणीभर. मग वाटलं, गुळणीभरानं काय हुतंय. त्यानं लिवून ठेवलं हुतं, आईला सांगा म्हनून. तू सांगितलंस. तरी मी घातलं. माझा पोरगा कुठंतरी जित्ता हुता, भालू. आन् मी त्याला मारला.”

करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं लोक सहज म्हणतात. माझ्या तोंडात साबण गेला होता, मी थुंकलो, आणि सहा वर्षांनी पहिल्यांदा खरं बोललो. म्हणजे जवळजवळ खरं.

“तू नाही मारलंस. मी घातलं पाणी. रोज घातलं. मुद्दाम.”

“तू कशापायी घालशील?”

“झाड मरावं म्हणून. आई, दादा आज गेलेला नाही. सहा वर्षांपूर्वीच गेला. मोमीननी मला फोटो दाखवले होते. त्याचा चष्मा होता त्यात. तांब्याची तार होती काडीला, मीच बसवलेली. मी ओळखला आणि नाही म्हणालो. तुला सांगायचं धैर्य झालं नाही.”

आईनं मान माझ्या आवाजाच्या दिशेनं वळवली, आणि तिचा चेहरा मऊ झाला. हे मला अजून सोसत नाही, की तिचा चेहरा मऊ झाला.

“रोज घातलंस? कधी?”

“दुपारी.”

“दुपारी मी हितंच ओसरीत बाज टाकून पडती. रोज आला आसतास तर मला कळलं नसतं?”

“दोन दिवस घातलं. पहिले दोन दिवस. मग थांबलो.”

“आदी रोज. आता दोन दिस.” तिनं चाचपत माझा चेहरा धरला, साबणाचा. “ल्हानपणापासनं आसाच तू. शेजारनीची बरणी मी फोडली तर तू मी फोडली म्हणून सांगत गेलास, मार खाल्लास. आता हे पन अंगावर घे.”

“आई, मी शपथ घेतो.”

“शपथ नगं घिऊ. उज्ज्वला, तुला सांगितलं हुतं ह्यानं कधी? त्या चष्म्याचं?”

उज्ज्वला माझ्याकडे बघत होती. तिला खोटं बोलता येत नाही.

“नाही, आत्या.”

“बघ. सहा वर्सं बायकूला सुदिक सांगितलं न्हाई? आसं कुठं आसतंय व्हय?” ती उठली. “कागद आसंल की काही. पोलिसांचा कागद दाखव मला, मी मानते.”

दाढी अर्धीच राहिली होती. मी तोंड धुतलं आणि निघालो. दारापर्यंत उज्ज्वला आली. तिनं विचारलं, “खरं आहे?” मी हो म्हणून मान हलवली. ती म्हणाली, “सहा वर्षं मी त्यांचं ताट वाढत होते. तुम्ही समोर बसून जेवत होतात.” त्यानंतर तिनं या विषयावर मला कधी काही विचारलं नाही.

मोमीन निवृत्तीला आले होते. मी सगळं सांगितलं तसे ते खुर्चीत मागं टेकले. मग आत जाऊन तासाभरानं एक जुनी फाईल घेऊन आले.

“फोटो आणि पंचनामा तेव्हाच तिकडं परत गेले. तुम्ही नाही म्हणालात ना. आपल्याकडं एवढंच राहिलंय.”

तो माझा जबाब होता. मोमीननी त्याची झेरॉक्स काढून दिली. ठाण्याच्या पायरीवर मी ती वाचली. सही केली तेव्हा वाचली नव्हती. वाचल्यावर चार घड्या घालून खिशात ठेवली. घरी दाखवायची नाही, वाटेत फाडायची, असं ठरवून निघालो. वाटेत दोनदा हात खिशात घातला. पण तो कागद फाडला तर मुकुंदाचं काहीच उरणार नव्हतं.

आई ओट्यावर बसली होती. “मिळाला का?”

“नाही मिळाला. जुनं झालं सगळं.”

“खिशात काय वाजतंय?”

दिसत नसलेल्या माणसाचे कान. तिनं हात पुढं केला. आता नाही म्हणणं म्हणजे पुन्हा खोटं, आणि खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी कागद दिला. तिनं तो उज्ज्वलाला दिला.

“वाच.”

उज्ज्वलानं वाचला. “मी भालचंद्र नारायण खटावकर, वय चौतीस, विचारल्यावरून जबाब देतो की, मला दाखवलेले फोटो मी बारकाईने पाहिले. सदर इसम माझा भाऊ मुकुंद नाही. फोटोतील चष्मा माझ्या भावाचा नाही. माझा स्वतःचा चष्म्याचा व्यवसाय असल्याने हे मी खात्रीने सांगत आहे.” ती थांबली. “खाली यांची सही आहे.”

“याचीच हाय?”

“यांचीच.”

आई शांत झाली. इतका वेळ कुठंतरी तिच्या मनात बारीक शंका असावी, आपला धाकटा खरंच तर सांगत नसेल ना, अशी. ती त्या कागदानं मिटली. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी पाच वर्षांचा असताना फिरवायची तसा.

“तुझा धंदाच त्यो. तू चुकणार न्हाईस,” ती म्हणाली. “म्हंजी तवा जित्ता हुता माझा मुकुंदा.”

मी पायरीवर बसून रडलो. तिला वाटलं मी भावासाठी रडतोय. ती मला समजावत राहिली. म्हणाली, “तुझा काय दोष न्हाई रं. गप.”

त्याच दिवसापासून तिनं सुतक धरलं. भटजींना बोलावून घेतलं. प्रेत सापडलं नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करतात, तो माझ्याकडून करवून घेतला. भटजी निघाले तेव्हा तिनं त्यांना विचारलं, आईच्या हातून मुलगा गेला तर प्रायश्चित्त काय. ते माझ्याकडे बघायला लागले. मी खाली बघत होतो.

ती आणखी चार वर्षं जगली. आता दाराला कुलूप लावायला हरकत नव्हती, पण ती कुठंच गेली नाही, देवळातही नाही. कोणत्या तोंडानं जाऊ, म्हणायची. ऑपरेशनचं मी दोनदा विचारलं. “आता काय बघायचंय?” म्हणाली. खरं सांगायचा मी आणखी तीनदा प्रयत्न केला. प्रत्येक वेळी ती माझा हात थोपटायची आणि म्हणायची, “लई माया हाय तुझी.” शेवटच्या आठवड्यात ती फक्त मुकुंदाशी बोलत होती, त्याची माफी मागत होती. मी उशाशी होतो.

ती गेल्यावर एकदा त्या स्टेशनापर्यंत जाऊन आलो. इतक्या जुन्या बेवारस प्रेतांचे कागद आता नाहीत, असं तिथल्या माणसानं सांगितलं. मुकुंदाचं श्राद्ध दर वर्षी मी घालतो. वैशाख वद्य नवमी, आईनं धरलेली तिथी, तिचं बोट बुडात रुतलं तो दिवस. खरी तारीख त्या पंचनाम्यात होती. कागद माझ्यासमोर टेबलावर पाच मिनिटं पडलेला होता. मी फोटोतला चष्मा बघितला आणि कागद वाचायच्या आधीच नाही म्हणून परत सरकवला.